आधी ऐकावे, मग ऐकवावे

आषाढ लागला की आंबोलीत डोळ्यांना फारसे काम उरत नाही. दाणोली सोडून गाडी घाट चढू लागते, निम्म्या वाटेवर धुके भेटते आणि कावळेसादच्या कठड्याशी पोचलेल्या माणसापुढे दरीच्या जागी नुसता पांढरा पडदा असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पर्यटकांची झुंबडही नेमकी त्याच दिवसांत उडते. जे पाहायला म्हणून माणसे येतात ते बहुतेक वेळ धुक्यात असते. ऐकू मात्र सगळे येत असते: कड्यावरून कोसळणारे पाणी, पानांवरचा पाऊस, खालच्या झाडीतली शीळ, डबक्यांतले बेडूक. यातले काय ऐकावे हे त्यांना कुणी सांगत नाही आणि बहुतेक गाड्यांमधल्या स्पीकरांपुढे ते ऐकू येण्याची सोयही उरत नाही.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांतले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन याच जिल्ह्यातले. त्याआधी २०२१ मध्ये आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळचा परिसर राज्य सरकारने जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केला होता. अशा मान्यतेच्या मागोमाग वाहनतळ येतात, माहितीफलक येतात, दिव्यांची रोषणाई येते आणि बहुतेक ठिकाणी ‘लाइट अँड साउंड शो’चा प्रस्तावही येतो. तो येण्याआधी एक गोष्ट नीट बोलून घ्यायला हवी. ऐतिहासिक जागेचा अर्थ ध्वनीतून उलगडता येतो आणि जगभर ते काम गांभीर्याने चालू आहे. पण त्याची सुरुवात स्पीकर कुठे बसवायचे इथून होत नाही. ती जागा आज कशी ऐकू येते, पूर्वी कशी ऐकू येत असेल आणि तिथे कुणाला काय ऐकू जात असे, या प्रश्नांपासून ती होते.

आंबोलीपासूनच पाहू. हिरण्यकेशीचे देऊळ एका गुहेच्या तोंडाशी आहे. गुहेतून पाणी येते, कुंडात साठते आणि पुढे नदी होऊन वाहू लागते. सह्याद्रीच्या अगदी पश्चिम कडेला, अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावूनही ही नदी समुद्राकडे पाठ फिरवते; आजऱ्यावरून संकेश्वरकडे जाते, घटप्रभेला मिळते आणि तिचे पाणी कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात पोचते. देवळात उभे राहिले की हा भूगोल दिसत नाही. ऐकू येते ते गुहेच्या पोटातून येणारे पाणी, आणि ते बाहेरच्या ओढ्यासारखे वाजत नाही. बंदिस्त दगडी पोकळीत आवाजाला पसरायला जागा नसते. भिंती तो शोषत नाहीत, परत पाठवतात, आणि पोकळीच्या आकाराला जुळणारे सूर त्यातून ठळक होतात. याच स्थळी उगमाची देवता मानली गेली त्यामागे पाण्याच्या दर्शनाइतकाच त्याचा हा नादही असावा, असे आम्हाला वाटते. दगडाच्या आतून बोलणारे पाणी ऐकून हात जोडणाऱ्या माणसाचा अनुभव ‘प्राचीन मंदिर, उगमस्थान’ एवढ्या तीन शब्दांच्या पाटीत मावत नाही.

याच कुंडात २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी प्रजाती नोंदवली गेली. देवाचा मासा म्हणून तो ओळखला जातो आणि वारसास्थळाला नावही त्याचेच आहे. हा मासा ज्या गणात मोडतो त्या गणातल्या माशांचे कान तीक्ष्ण असतात. त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी गेलेली असते आणि पाण्यातली कंपने ती थेट कानात पोचवते. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो, म्हणून काठावरचे बोलणे माशाला फारसे कळत नाही. पण खडकावर ठेवलेल्या जनरेटरची घरघर आणि मोठ्या स्पीकरचा खर्ज दगडातून पाण्यात उतरतो. एखाद्या उत्सवी कार्यक्रमात कुंडाशेजारी ध्वनियंत्रणा लावायची ठरली, तर ज्याच्या नावाने जागा राखली त्याच्याच कानांशी ती येईल. वारसास्थळाच्या आराखड्यात ध्वनीचा विचार का हवा, याला याहून थेट कारण द्यावे लागू नये.

कुंडाबाहेर आले की सडा लागतो. जांभ्याच्या या उघड्या पठारांवर पावसाच्या सुरुवातीला जी डबकी साचतात, त्यांच्या भोवती आंबोलीचा टोड आपला विणीचा हंगाम उरकतो. हा टोड जगात या परिसराखेरीज फारसा कुठे नाही आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते. नर हाक देतो, मादी ती ऐकून येते. ऐकू आले नाही तर वीणच होत नाही. झुडपी बेडकांच्याही काही जाती इथे आहेत, त्यातल्या एकीच्या शास्त्रीय नावात आंबोलीच आहे. आणि शीळकरी कस्तूर आहे. ओढ्याच्या खळखळाटाजवळ राहणाऱ्या या पक्ष्याची शीळ स्वच्छ आणि उंच सुराची असते. पाण्याचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत घुमतो आणि शीळ त्याच्या वरून तरंगत जाते. एकाच रानात कोण कोणत्या पट्टीत आणि कोणत्या वेळी बोलतो, याची वाटणी झालेली असते, असे निसर्गध्वनींचे अभ्यासक सांगतात. कॅनडातले संगीतकार रेमंड मरे शेफर यांनी १९७०च्या सुमारास आपल्या सहकाऱ्यांसह गावे आणि बंदरे यांच्या आवाजांचे नकाशे करायला घेतले आणि ध्वनीचाही एक भूप्रदेश असतो हा विचार रूढ झाला. फ्रान्सने तर २०२१ मध्ये कायदाच केला आणि ग्रामीण भागातले आवाज आणि गंध हे तिथल्या वारशाचा भाग मानले. कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांनी घातलेल्या खटल्यांची त्याला पार्श्वभूमी होती.

आंबोलीचे काही आवाज मात्र आता फक्त तर्काने उभे करता येतील. वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेला माल बेळगावच्या छावणीकडे जायचा तो पारपोलीच्या घाटाने आणि आंबोली हा त्या वाटेवरचा मुक्काम. समुद्रापासून या उंचीपर्यंत माल चढवायचा म्हणजे बैल, गाडीवान, हमाल, त्यांच्या हाका, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, लाकडी आसांची करकर. वळणावर समोरून येणारी गाडी दिसत नाही, त्यामुळे घंटेचा आवाज ही घाटात सुरक्षेची खूण होती. महादेवगड आणि नारायणगड ही नावे आज पर्यटकांना दरी बघण्याच्या जागा म्हणून ठाऊक आहेत. घाटवाटेवर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्याला धुक्याच्या चार महिन्यांत मात्र कानांवरच विसंबावे लागले असणार. हा आमचा तर्क आहे, पण तो तपासता येण्याजोगा आहे. घाटाच्या एखाद्या वळणावर वाजवलेली घंटा पावसाळी दिवसात वर किती अंतरापर्यंत ऐकू येते, हे मोजायला अवघड उपकरणे लागत नाहीत.

मोजणे म्हणजे काय, ते थोडे खोलात पाहू. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातले तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांच्यावर एक व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे वक्त्याच्या पुढच्या वाक्यावर मागचे वाक्य सांडायचे. सॅबिन यांनी जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणल्या आणि रात्रीच्या शांततेत एकेक गादी वाढवत घुमारा किती घटतो ते मोजले. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरात आहे: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ टिकतो, तिच्यात शोषणारे जितके जास्त तितका तो लवकर विरतो. पडदा, गालिचा, लाकूड आणि विशेषतः माणसांची गर्दी आवाज शोषतात. घोटीव दगड जवळजवळ काहीच शोषत नाही. आपल्या वारसास्थळांच्या बाबतीत हे सूत्र एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगते: ओसाड वास्तू आज जशी वाजते तशी ती भरल्या काळात वाजत नव्हती. छत गेले, बिछायती गेल्या, माणसे गेली. आपण ऐकतो तो अवशेषाचा आवाज.

जुना आवाज परत मिळवण्याची वाट आता उपलब्ध आहे. इस्तंबूलच्या हाया सोफियात सुमारे ११ सेकंद टिकणारा घुमारा आहे. ती वास्तू संग्रहालय असताना तिथे गायला परवानगी नव्हती. म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आत फुगे फोडले, त्या एका ‘फट्’नंतर वास्तूने जे उत्तर दिले ते ध्वनिमुद्रित केले आणि त्यातून वास्तूचा स्वभाव गणिताने वेगळा काढला. मग गायकांनी दुसऱ्या जागी गायलेले बायझंटाइन स्तोत्र त्या स्वभावातून नेले, तर ते घुमटाखाली गायल्यासारखे ऐकू आले. पॅरिसच्या नोत्रदाममध्ये ब्रायन कॅट्झ यांच्या चमूने २०१३ मध्ये अशीच मापे घेतली होती. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छत कोसळले तेव्हा ती नोंद अमूल्य ठरली, कारण दगड-लाकडाचे नकाशे असतात तसा त्या वास्तूच्या आवाजाचा नकाशाही हाती होता. इंग्लंडच्या स्टोनहेंजची तर एक द्वादशांश आकाराची प्रतिकृती सॅल्फर्ड विद्यापीठात बांधून २०२० मध्ये निष्कर्ष मांडले गेले: वर्तुळाच्या आत बोललेले आतल्यांना अधिक ठळक ऐकू येत असे, बाहेर थांबलेल्यांना त्याचा लाभ नव्हता. त्या जागेत कोण सामील होते आणि कोण नव्हते, यावर दगडांच्या मांडणीपेक्षा हा निष्कर्ष जास्त बोलका आहे.

आपल्याकडे हा धागा नवा नाही. विजापूरच्या गोलघुमटातली कुजबुज सज्ज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कशी पोचते, याचा विचार चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच केला होता. आवाज मधल्या पोकळीतून सरळ न जाता गोल भिंतीला बिलगून सरकतो, हे लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉलच्या संदर्भात त्याआधी दाखवले होते. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, सुतार-की-झोपडी या बौद्ध चैत्यगृहात, पाषाणात कोरलेल्या फासळ्यांच्या कमानी छताखाली एखाद्याने दीर्घ स्वर लावला की तो छतभर पसरतो आणि त्याच्या कडा मऊ होतात. तिथे वेगाने बोललेले कळत नाही, सावकाश म्हटलेले सुंदर लागते. त्या वास्तूने पठणाची लय ठरवली की पठणाच्या लयीसाठी ती वास्तू तशी कोरली, हा प्रश्न अभ्यासकांनी लढवावा. सामान्य प्रेक्षकाला तिथे शांतपणे अर्धा मिनिट एक स्वर ऐकवला, तरी चैत्य ही कशासाठीची जागा होती हे दहा वाक्यांपेक्षा चांगले समजेल.

आणि रायगड. राजसभेत सिंहासनाच्या जागी पुटपुटलेले दूर नगारखान्याच्या दरवाजात ऐकू येते, हे गडावर गेलेल्या प्रत्येकाला सांगितले जाते आणि बहुतेक जण ते करूनही पाहतात. राजसभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद आहे. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. तो इथे तितका उतरत नाही याचे श्रेय मागच्या आणि बाजूच्या भिंतींकडे जाते, कारण थेट ध्वनीपाठोपाठ क्षणार्धात त्यांच्यावरून आलेले परावर्तन कान वेगळे मोजत नाही, मूळ आवाजातच मिळवून घेतो. पण तेवढ्यानेही कुजबुज पोचली नसती. ती पोचते कारण गडावर सकाळी लवकर शांतता असते. दुपारी शंभरेक माणसे चढून आली, कुणी ब्लूटूथ स्पीकर लावला, की तोच प्रयोग फसतो. म्हणजे राजसभेची ती किमया अर्धी बांधणीची आणि अर्धी शांततेची आहे. ६ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकाच्या भरल्या दरबारात, मंडप आणि बिछायतींमध्ये, ध्वनीचे गणित आणखी वेगळे असणार. आज मिळते ती कुजबुज त्या दिवशी ऐकू गेली असती का, हा प्रश्न विचारल्याने शिवकालीन बांधणीचा मान कमी होत नाही. उलट रायगड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकरांच्या कामाकडे आपण दंतकथेपलीकडे जाऊन पाहू लागतो.

याच सह्यधारेवर, आंबोलीच्या उत्तरेला, एक जागा अशी आहे की जिची सगळी कहाणी एका आवाजाची वाट पाहण्याची आहे. पावनखिंड. १६६०च्या जुलैत, भर पावसात, बाजीप्रभू देशपांडे खिंड अडवून उभे राहिले ते शिवाजी महाराज पोचल्याची विशाळगडावरून तोफांची इशारत ऐकू येईपर्यंत, अशी परंपरेची धारणा आहे. तिथल्या स्मारकाशी उभ्या असलेल्या माणसाला आपण काय देतो? वीरश्रीची वाक्ये देतो. ध्वनिशास्त्र त्याला आणखी काही देऊ शकेल. तोफेच्या आवाजात खर्जाचा भाग मोठा असतो, खर्ज हवेत फारसा शोषला जात नाही, ओली हवा तर त्याला मुळीच अडवत नाही. ध्वनी साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर कापतो. अडथळे वेगळेच असतात: मधले डोंगर, आवाज वर वळवून टाकणारा उलट्या दिशेचा वारा, आणि खिंडीतला ओढ्याचा लोंढा, ज्याच्या कोलाहलात सगळे बुडते. आजच्या भूरूपाच्या नकाशावर हे गणित मांडता येते. त्याने परंपरा सिद्ध किंवा असिद्ध करायची गरज नाही. त्या कोलाहलात, जखमी अवस्थेत, दूरच्या एका घुमाऱ्यासाठी कान टवकारून लढणे म्हणजे काय, एवढे जरी एखाद्या शाळकरी मुलाला कळले तरी त्या जागेचे ऋण थोडे फिटेल. त्यासाठी तिथे कर्ण्यातून तोफेचा आवाज काढण्याची गरज नाही. ओढा ऐकवायचा आणि तोफेच्या आवाजाची वाट पाहायला लावायची, एवढे पुरे.

आता प्रचलित ध्वनिप्रकाश कार्यक्रमांकडे वळू. ही कल्पना १९५२ मध्ये फ्रान्समधल्या शांबोर येथील राजवाड्यात प्रथम साकारली, दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९६५ मध्ये आली आणि गोवळकोंड्यापासून अंदमानच्या सेल्युलर जेलपर्यंत पसरली. तिचे चांगले नमुने आहेत. सेल्युलर जेलच्या अंगणात संध्याकाळी बसलेल्या प्रेक्षकाला तो तुरुंग खरोखर जवळ येतो, कारण तिथे सांगितलेली गोष्ट तिथल्याच कोठड्यांची असते. पण या प्रकाराचा एक साचा झाला आहे. धीरगंभीर पुरुषी आवाज, घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट, तुतारी, मागे चित्रपटातल्यासारखे वाद्यवृंदाचे संगीत. हा साचा डोंगरी किल्ल्याला, जलदुर्गाला आणि राजवाड्याला सारखाच लावला जातो. जलदुर्गावर टापांचा आवाज कशाला, हे कुणी विचारत नाही. ध्वनीच्या बाबतीत आपण इतके सैल का, हे समजत नाही. किल्ल्याच्या डागडुजीत सिमेंट वापरले तर वर्तमानपत्रांत बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. त्याच किल्ल्यावर इतिहासात कधी न वाजलेले संगीत रोज संध्याकाळी वाजले तर त्याला आपण विकास म्हणतो.

अमेरिकेतल्या अल्काट्राझ तुरुंगात वेगळा मार्ग निवडला गेला. तिथे प्रत्येक पाहुण्याच्या कानाला यंत्र दिले जाते आणि त्यात तिथेच राहिलेल्या कैद्यांचे आणि पहारेकऱ्यांचे आवाज आहेत. शेकडो माणसे एकाच वेळी फिरतात, पण इमारत शांत राहते. ऐकवलेला आवाज कानापुरता राहतो आणि जागेचा आवाज जागेला राहतो, ही व्यवस्था आमच्या मते कोकणाला विशेष मानवेल. एखाद्या अंध पाहुण्याला तर ती इतरांहून जास्त देईल. आपल्या वारसास्थळांनी त्याला आजवर पायऱ्या आणि कठडे यांखेरीज फारसे काही दिलेले नाही.

कायद्यात मात्र इथे एक मोठी फट आहे. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही त्यात येतात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांतही शांतता क्षेत्राची तरतूद आहे, दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादाही आहे. पण ती डोळ्यांपुढे ठेवते ती रुग्णालये, शाळा आणि न्यायालये. स्मारकाच्या भोवतीची रिकामी जागा जपायची, पण भोवतीची शांतता जपायची नाही, हे अर्धवट संरक्षण झाले. निदान हिरण्यकेशीच्या परिसरासाठी आणि विणीच्या हंगामात सड्यांसाठी राज्य सरकारने अशी तरतूद करावी. बंदी घालायची ती गाण्यावर नाही, भजनावर तर नाहीच, फक्त ध्वनिवर्धकावर.

घाट उतरून मालवणला आले की आणखी एक धडा मिळतो आणि तो ऐकायला तिकीट लागत नाही. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ साली कुरटे बेटावर झाली. होडीतून उतरून माणूस तटाकडे चालू लागतो तेव्हा दरवाजा समोर दिसत नाही. दोन बुरुजांच्या कवेतून वळण घेत आत जावे लागते. शत्रूला दरवाजावर सरळ मारा करता येऊ नये म्हणून ही गोमुखी रचना, हे मार्गदर्शक सांगतात. त्या वळणावर दुसरेही काही घडते. खडकांवर फुटणाऱ्या लाटेच्या आवाजातला सळसळता, तीव्र भाग बुरुजापाशी अडतो. खर्ज तेवढा कोपऱ्याला वळसा घालून आत येतो. मोजक्या पावलांत उघडा समुद्र मागे पडतो आणि नुसती त्याची घरघर उरते, स्वतःच्या चपलांचा आवाज एकदम मोठा होतो. बाहेरून आलेल्याचे पाऊल आत पहाऱ्यावरच्या शिपायाला ऐकू जाणार, हे तिथे अंगावर येते. मार्गदर्शकाने ‘इथे जरा गप्प राहून चार पावले चाला’ एवढेच सांगितले तरी हे कळते.

या जिल्ह्याकडे माणसांच्या आवाजाचा साठाही आहे. देवळापुढे गावचा मानकरी गाऱ्हाणे घालतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात, ते एकट्या वक्त्याचे बोलणे नाही, ते जमलेल्या अख्ख्या गावाचे आहे. कौलारू सभामंडपात, लाकडी खांबांमध्ये, ते उत्तर अगदी जवळून आल्यासारखे लागते, कारण लाकूड आणि माणसे मिळून घुमारा शोषून घेतात. दशावताराचा पायपेटी, मृदंग आणि झांज यांचा मेळही अशाच जागांच्या मापाने घडला. आता त्याला सर्रास ध्वनिवर्धक लावला जातो आणि रात्रभराच्या जत्रेत मागे बसलेल्यांची ती गरजही आहे, हे मान्यच करायला हवे. पण ध्वनिवर्धकाशिवायचा एक तरी प्रयोग, त्याच देवळात, त्याच मंडपात, नीट मापे घेऊन नोंदवून ठेवला पाहिजे. ते नट आणि ते वादक आज आहेत.

काही जागी दगडच वाजतो. त्या बारा किल्ल्यांपैकीच एक असलेल्या खांदेरी बेटावर एक खडक आहे, दगडाने ठोकला की तो धातूसारखा वाजतो. येणारा प्रत्येक जण तो वाजवून पाहतो. हंपीच्या विठ्ठल मंदिरातले नाद देणारे खांब असेच वाजवून वाजवून झिजू लागले, शेवटी त्यांना हात लावायला मनाई करावी लागली. खांदेरी आता जागतिक वारसा आहे. त्या खडकाचा नाद एकदा उत्तम दर्जाने ध्वनिमुद्रित करावा, किनाऱ्यावरच तो ऐकायची सोय करावी आणि मूळ दगडाला विश्रांती द्यावी.

आंबोलीसाठी काय करावे, ते आता थेट सांगतो. पहिले वर्ष काहीही उभारू नये, फक्त ऐकावे. उगमाची गुहा, सडे, कावळेसाद, घाटातली चार वळणे आणि गावातली देवळे इथे मृगापासून वैशाखापर्यंत, दिवसा आणि रात्री, ध्वनिमुद्रण व्हावे. कुंडात पाण्याखालचा मायक्रोफोनही सोडावा. हे काम मुंबईहून येणाऱ्या कंत्राटदाराने दोन दिवसांत उरकण्यासारखे नाही. आंबोली-चौकुळातले जे तरुण रात्री विजेऱ्या घेऊन बेडूक शोधत हिंडतात, त्यांच्या हाती यंत्रे द्यावीत आणि कामाचा मोबदला द्यावा. त्यातून जे ऐकण्याजोगे निघेल ते मोबाइलवर आधीच उतरवून घेता यावे, कारण घाटात रेंज मिळत नाही. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला हा आवाज कोणत्या जातीचा आहे ते सांगावे: आज इथे मुद्रित केलेला, मापांवरून गणिताने उभा केलेला, की केवळ कल्पिलेला. बैलगाड्यांचा घाट ऐकवायला आमची हरकत नाही, पण तो कल्पिलेला आहे हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. हिरण्यकेशीच्या आवारात मात्र एकही स्पीकर नको.

आणि ज्यांचा आवाज घ्यायचा त्यांचा त्यावर हक्क राहावा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्यात ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव यांची नोंद जपली गेली. पुढे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने तो लोकांपुढे आणला, तेव्हा त्या बाया निनावी ‘लोकपरंपरा’ झाल्या नाहीत. गाऱ्हाण्याचे ध्वनिमुद्रण करताना मानकऱ्यांना आणि गावाला आधी विचारावे. कोणता भाग देवापुढचा आहे आणि कोणता पाहुण्यांना ऐकवता येईल हे गावाने ठरवावे, आणि मूळ मुद्रणाची एक प्रत ग्रामपंचायतीकडे असावी. निविदा निघेल तेव्हा तिच्यात या अटी असाव्यात, अशी आमची जिल्हा नियोजन समितीला आणि पुरातत्त्व विभागाला विनंती आहे. येत्या पावसाळ्याआधी यंत्रे हाती आली नाहीत, तर पहिल्या सरीतली टोडाची हाक नोंदवायला आणखी एक वर्ष थांबावे लागेल.